रिपोर्टच्या मागे काढलेल्या वंशवृक्षाबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

सहाव्या महिन्यात ग्लुकोजचे पाणी प्यायल्यावर दोन तासांनी माझी साखर १६२ भरली आणि गरोदरपणातला मधुमेह असल्याचे कळले, तेव्हा घरात सगळा दोष माझ्या डोहाळ्यांच्या पेढ्यांना लागला. आधीच्या दवाखान्यात, मी सडपातळ आहे म्हणून, पहिल्या तिमाहीतली तपासणी केलीच नव्हती. आपण मात्र तो रिपोर्ट उलटा केलात, कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने पुरुषांचे चौकोन आणि बायकांची वर्तुळे काढलीत आणि आजोबा, वडील, दोन्ही मावश्या असे एकेकाबद्दल विचारून मधुमेह असलेल्यांच्या खुणा काळ्या केल्यात. माझा धाकटा भाऊ जन्मताना सव्वाचार किलोचा होता, त्या वेळी साखर कोणी तपासलीच नाही, असे आई म्हणाली, तेव्हा बाळ मोठे असण्यामागे तिचीही साखर वाढलेली असू शकते म्हणून तिच्या वर्तुळात आपण प्रश्नचिन्ह घातलेत.

वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे प्रत्येकच गर्भवतीच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, स्वादुपिंडाला ते जास्त तयार करावे लागते आणि ज्यांच्या बीटा पेशींची, म्हणजे स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची, ही जादा ताकद मुळातच बेताची असते त्यांची साखर वाढते, हे आपण इतक्या शांतपणे सांगितलेत की आईचे रडणे थांबले. टीसीएफ७एल२, एमटीएनआर१बी, सीडीकेएएल१ अशा अनेक जनुकांतले बदल प्रत्येकी थोडा थोडा धोका वाढवतात. त्यांतला कोणताही एकटा आजार ठरवत नाही, हेही मला तेव्हाच समजले. मी जनुकीय चाचणीचा आग्रह धरला असता आपण खर्चाची चाचणी लिहून देण्याऐवजी स्पष्ट नकार दिलात: उपाशीपोटीची साखर वर्षानुवर्षे किंचितच वाढलेली असती, तर एकट्यानेच साखर किंचित वाढवू शकणाऱ्या जीसीके या जनुकाचा विचार केला असता, पण माझ्या बाबतीत निष्कर्षाने उपचार बदलणार नव्हते. या नकाराबद्दल मी विशेष ऋणी आहे.

पुढे आहार, जेवणानंतरचे चालणे आणि शेवटच्या महिन्यात इन्सुलिन एवढ्यावर निभावले. मुलगी २ किलो ९०० ग्रॅमची झाली. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी केलेली तपासणी ठीक आली, तरी पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका मला इतरांपेक्षा बराच जास्त असल्याने आपण सांगितल्याप्रमाणे दरवर्षी साखर तपासते.

तो कागद मुलीच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये जपून ठेवला आहे. मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीला दिवस गेले, तेव्हा त्याची प्रत घेऊन ती पहिल्याच भेटीत तपासणीला गेली.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण