पुतळा हलवला म्हणून इतिहास हलत नाही

मा. संपादक,

आपल्याकडच्या पेपरांत हंगेरीचा विषय निघाला की १९५६ चा रशियाच्या वर्चस्वाविरुद्धचा उठाव, रशियन रणगाडे, संपलं, एवढंच येतं. खरी गोष्ट तर रणगाड्यांनंतर सुरू होते, इम्रे नागींची आणि त्यांच्या पुतळ्याची, म्हणून हे पत्र.

इम्रे नागी त्या उठावातले पंतप्रधान. ४ नोव्हेंबरला रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले तेव्हा ते युगोस्लाव्ह वकिलातीत गेले, मग रशियाने बसवलेल्या यानोश कादारच्या सरकारने लेखी हमी दिली की तुम्हाला काही होणार नाही, त्यावर विश्वास ठेवून बाहेर आले आणि तिथेच धरले गेले. बंद दाराआड खटला चालला, माणसाने दयेचा अर्ज करायला साफ नकार दिला, १६ जून १९५८ ला फाशी. आधी तुरुंगाच्याच आवारात पुरलं, १९६१ मध्ये गुपचूप शहराबाहेरच्या दफनभूमीत प्लॉट नंबर ३०१ मध्ये नेलं. डांबरी कागदात गुंडाळून, तारेने बांधून, पालथं. आणि रजिस्टरमध्ये नाव लिहिलं एका बाईचं, पिरोश्का बोर्बिरो! मेलेल्या माणसाची इतकी भीती वाटावी?

बरोबर ३१ वर्षांनी, १६ जून १९८९ ला, त्याच माणसाला बुडापेस्टच्या हीरोज स्क्वेअरमध्ये लाखोंच्या गर्दीने सन्मानाने निरोप दिला. सहा शवपेट्या होत्या, पाच नागी आणि त्यांच्या साथीदारांच्या, सहावी रिकामी, नाव-गाव माहीत नसलेल्या लढवय्यांसाठी. हे वाचलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो. तिथे २६ वर्षांचा एक दाढीवाला पोरगा माइकवर उभा राहिला आणि रशियन फौजा परत गेल्या पाहिजेत असं सगळ्यांसमोर बोलला. तो व्हिक्टर ऑर्बान. त्या दिवशी त्याने दाखवलेली हिंमत खरीच होती, ती मी नाकारत नाही.

मुलगी तिकडे शिकायला होती म्हणून २०१६ ला आम्ही दोघं गेलो होतो. पार्लमेंटजवळ एका छोट्या पुलावर कोट-हॅट घातलेले नागी उभे, ब्राँझचे, तोंड पार्लमेंटकडे. चौथरा वगैरे काही नाही, पुलावर चढलं की आपण त्यांच्या शेजारीच, शाळेची पोरं खेटून फोटो काढत होती. २८ डिसेंबर २०१८ ला पहाटे तो पुतळा तिथून उचलला, पुढच्या वर्षी नदीकाठच्या दुसऱ्या चौकात बसवला आणि जुन्या जागी १९१९ च्या कम्युनिस्ट राजवटीत मारल्या गेलेल्यांचं १९३४ सालचं स्मारक पुन्हा उभं केलं. चौक दुसऱ्या महायुद्धाआधी होता तसा करायचा म्हणे. त्या मेलेल्यांनाही जागा हवीच हो, पण एकाला उठवून दुसऱ्याला कशाला? आणि हे झालं तेव्हा पंतप्रधान ऑर्बानच होते, याचं मला फार वाईट वाटलं.

नागी स्वतः आयुष्यभर कम्युनिस्ट, मॉस्कोत वर्षानुवर्षं राहिलेले, म्हणून आजच्या कुठल्याच गटाला ते पूर्ण आपले वाटत नसावेत असं मला वाटतं. पण वेळ आली तेव्हा ते आपल्या लोकांच्या बाजूने उभे राहिले.

आणि आपणही मागे वळून बघायला हवं. ९ नोव्हेंबर १९५६ ला युनोत हंगेरीत देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात असा ठराव आला त्याच्या विरोधात भारताने मत दिलं, त्याच वेळी सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर झालेल्या हल्ल्यावर एवढं कडक बोलणारे आपण इथे गप्प, जयप्रकाश नारायणांनी नेहरूंना तेव्हाच खडसावलं होतं. येत्या १६ जूनला यावर एक पूर्ण पान द्या, प्लॉट ३०१ चा फोटो मिळाला तर तोही टाका.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा