एकाच डावात खेळाडू बाद नको

माननीय संपादक, स. न. वि. वि.

गेल्या रविवारी म्हापशात झालेल्या फायटिंग गेमच्या (दोघांच्या लढतीच्या व्हिडिओ गेमच्या) स्पर्धेसाठी माझा भाचा काणकोणहून पहाटेची कदंब बस धरून आला आणि एकच डाव हरून तीन-चार मिनिटांत बाहेर पडला. 'स्ट्रीट फायटर' या गेममध्ये तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणाऱ्याला डाव मिळतो. पण समोरचा उडी कधी मारतो, बचाव कधी सोडतो, हे ओळखण्यातच पहिला डाव खर्ची पडतो. भाच्याला ते उमगले तेव्हा त्याची बोटे स्टिकवर नुकती कुठे बसली होती. म्हणूनच अमेरिकेतील 'इव्हो' स्पर्धेत साधारणपणे तीनपैकी दोन डावांचा सामना असतो आणि दोन सामने हरल्याशिवाय कोणी बाद होत नाही. एकदा हरलेल्यांच्या गटातून अंतिम सामन्यात आलेल्याला मात्र अपराजित खेळाडूला दोनदा हरवावे लागते, आणि हे मला अत्यंत न्याय्य वाटते.

वेळ पुरत नाही, असे आयोजक सांगतात. १६ खेळाडूंसाठी साध्या बाद पद्धतीत १५ सामने होतात, तर दुहेरी बाद पद्धतीत ३० किंवा ३१, हे खरे. परंतु दोन यंत्रे शेजारी-शेजारी लावली तर तेवढे सामने दिवसभरात उरकतात. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर ५' पदकासाठी खेळला गेला, तेव्हा याला पोरखेळ समजू नये. पुढच्या वेळी सामन्यांची पद्धत प्रवेशपत्रिकेवरच छापावी आणि लांबून येणाऱ्या मुलांना दुसरी संधी द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, काणकोण