तक्रार : आमच्या नावावरच्या चुकीच्या जाहिराती काढा आणि आमची खाती आमच्या ताब्यात द्या

प्रति,
व्यवस्थापक

विषय : तांबट आळी, कसबा पेठ येथील आमच्या तांब्याच्या भांड्यांच्या दुकानासाठी घेतलेलं तुमचं तिमाही सोशल मीडिया पॅकेज

तुमच्या अकाउंट मॅनेजरशी आज दुपारी झालेलं बोलणं शेवटचं समजा. यापुढे मी फोनवर बोलणार नाही, म्हणून हे लिहून देते आहे. पॅकेजमध्ये काय काय येतं ते तुम्हाला माहीत आहे, ते तुम्हीच बनवलंय. महिन्याला 12,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे तीन महिन्यांचे 42,480 रुपये तुम्ही आगाऊ घेतले. जाहिरातीचा खर्च त्याहून वेगळा. धनत्रयोदशीला लोक भांडं घेतात, त्याआधीचे तीन महिने आमचे वर्षाचे महिने असतात. तेच आम्ही तुमच्या हवाली केले.

आधी सर्वांत गंभीर गोष्ट, कारण ती अजूनही तशीच आहे. नवरात्रात तुम्ही आमच्या इन्स्टाग्रामवर एक फोटो टाकलात. आतून लालभडक, कल्हई नसलेला तांब्याचा पेला, त्यात काठोकाठ लिंबू सरबत, वर पुदिन्याचं पान, "उपवासातही राहा ताजेतवाने" आणि खाली आमच्या दुकानाचं नाव. करारात पोस्टआधी आमची मंजुरी घ्यायचं कलम आहे. ती कुणी घेतली नाही.

कल्हई म्हणजे भांड्याला आतून दिलेला कथलाचा थर. तो नसेल तर आंबटात तांबं उतरतं. लिंबू, ताक, चिंच, कोकम, लोणचं, यातलं काहीही कल्हई नसलेल्या तांब्यात ठेवायचं नसतं. मळमळतं, उलट्या होतात, पोटात कळा येतात. माझे सासरे भांडं नेणाऱ्या प्रत्येक माणसाला हे सांगतात. पाणी ठेवा, आंबट ठेवू नका, स्वयंपाकाला हवं असेल तर कल्हई करून न्या, कल्हई झिजली की परत आणा. गिऱ्हाईक घाईत असलं तरी सांगतात, पैसे देऊन पायरी उतरलं तरी मागून हाक मारून सांगतात. आणि त्याच दुकानाच्या नावाने तुम्ही जगाला उलटं शिकवलंत.

त्या फोटोखाली एका बाईंनी विचारलं, "यात ताक चालेल का?" तुमच्या टीमने आमच्या नावाने उत्तर दिलं, "हो, नक्की!" आणि पुढे लाल बदाम. ते उत्तर वाचून मला रात्री झोप लागली नाही. त्या बाई कोण, कुठल्या, त्यांच्या घरात लहान मूल आहे का, मला काही ठाऊक नाही. मी माझ्या फोनवरून त्यांना वेगळा मेसेज पाठवला. तो त्यांनी उघडला की नाही तेही कळायला मार्ग नाही.

आता तुमच्या अकाउंट मॅनेजरचा आजचा फोन. तो मी जसाच्या तसा लिहिते, कारण तुमच्याकडे "कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होतो" असं प्रत्येक वेळी ऐकवतात. काढा ते रेकॉर्डिंग आणि ताडून बघा.

मी म्हटलं, ती सरबताची पोस्ट आत्ताच्या आत्ता काढा. ते म्हणाले, "मॅडम, ती या महिन्याची बेस्ट परफॉर्मिंग पोस्ट आहे. काढली तर पेजचा रिच पडेल." मी म्हटलं, भांडं चुकीचं आहे, असं कुणी खरंच प्यायलं तर त्रास होईल. ते म्हणाले, "मॅडम, ते व्हिज्युअल आहे. ते बघून कुणी प्रत्यक्ष पीत नसतं." मी म्हटलं, खाली एका बाईंनी ताकाचं विचारलंय आणि तुम्ही हो म्हणालात. ते म्हणाले, "कमेंटला तासाभरात पॉझिटिव्ह रिप्लाय द्यायचा ही आमची एसओपी आहे." मी म्हटलं, उत्तर चुकीचं आहे. यावर त्यांनी मला होल्डवर ठेवलं. बऱ्याच वेळाने परत आले आणि म्हणाले, "मॅडम, घरात सर आहेत का? त्यांच्याकडे फोन देता का, त्यांना जरा टेक्निकल गोष्टी समजावून सांगतो."

करारावर सही माझी आहे. पैसे माझ्या खात्यातून गेले आहेत. या दुकानाचा हिशेब, ऑर्डरी, गिऱ्हाईक, सगळं मी बघते. व्हॉट्सअॅप बिझनेसवरचा कॅटलॉग मी बनवला आहे, एकेका घंगाळाचं माप आणि वजन लिहून, तुम्ही येण्याच्या कितीतरी आधी. माझे मिस्टर तेव्हा माझ्या शेजारीच काम करत बसले होते. त्यांच्या हातात फोन दिला असता तर त्यांनीही ताकाचंच सांगितलं असतं, कारण या विषयात दुसरं काही सांगण्यासारखं नाहीच. माझ्याशी बोलायचं नसेल तर माझे पैसे कशाला घेतलेत? मी हे त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही इमोशनल होताय मॅडम, मी तिकीट रेझ करतो." हे लिहिताना मी पुन्हा बघितलं. पोस्ट आहे. "हो, नक्की!" पण आहे.

दुसरी गोष्ट आरोग्याच्या दाव्यांची. "मधुमेह, सांधेदुखी, वजन, सगळ्यावर एकच उपाय, तांब्याची बाटली" अशी जाहिरात तुम्ही पैसे लावून चालवलीत. ते पैसे आमचे होते. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी लोक सकाळी पितात, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, तेवढंच लिहा, असं मी तुमच्या ग्रुपवर पहिल्याच आठवड्यात लिहून दिलं होतं. मधुमेह बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायला 1954 च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उत्पादक कोण? आम्ही. जाहिरात लिहिली तुमच्या ऑफिसात, नाव आमचं, उद्या नोटीस येणार ती आमच्या दारात. रोज जाहिराती करणाऱ्या कंपनीला हे कायदे मी सांगायचे का?

आणि ती बाटलीसुद्धा आमची नाही. आम्ही बाटल्या बनवतच नाही. कुठूनतरी उचललेला, कारखान्यात ठसा दाबून काढलेल्या बाटलीचा फोटो आहे तो. तांब्याचा पत्रा तापवून मऊ करायचा, ठोकून आकार द्यायचा, आणि शेवटी सगळं भांडं मठारायचं, म्हणजे हातोडीने जवळजवळ ठोके देत जायचं, असं आमचं काम असतं. मठारल्याने तांबं कडक होतं, भांड्याला सहज पोचा येत नाही. ते ठोके एकासारखे एक कधीच येत नाहीत. जाणकार माणूस भांडं उजेडात फिरवून ते बघतो, मग बोटाने वाजवून बघतो. तुमच्या फोटोतले ठिपके वहीच्या चौकोनांइतके सारखे आहेत. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं, "तुम्ही पण आता बाहेरचा माल ठेवायला लागलात का?" पिढ्यान् पिढ्या हाताने काम केलेल्या घराला हे ऐकावं लागलं, तेही स्वतः पैसे मोजून.

खरे फोटो मी दिले नव्हते असं नाही. मिस्टर बंब घडवतात तो व्हिडिओ दिला, सासऱ्यांचा कल्हई लावतानाचा दिला. नवसागर टाकला की धूर होतो, कथील वितळतं, कापसाचा बोळा फिरला की काळं भांडं एका दमात आतून पांढरंशुभ्र होतं. असं डोळ्यांसमोर बदलणारं काम लोक थांबून बघतात, आमच्या आळीत रोज बघतात. पेशव्यांच्या काळापासून तांबट इथे आहेत आणि आळी ओळखली जाते ती ठोक्यांच्या आवाजाने. तुम्ही तो आवाज पुसून त्यावर कुठलंतरी चालू गाणं घातलंत आणि सासऱ्यांचा चेहरा कापून फक्त हात ठेवलेत. सासरे मला म्हणाले, "यात माझं काय आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या मासिक अहवालाची. रंगीत आहे, आकडे मोठे आहेत. त्यात जाहिरात बघणाऱ्यांच्या पहिल्या पाच शहरांत पुणं नाही. लखनौ आहे, पाटणा आहे, इंदूर आहे. घंगाळ, बंब, अभिषेकपात्र या गोष्टी माणूस हातात उचलून घेतो. आमचं गिऱ्हाईक कोथरूडहून, सहकारनगरहून, चिंचवडहून येतं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या जाहिरातीत नकाशावर खूण करून किती किलोमीटरच्या आतल्या लोकांना दाखवायची ते ठरवता येतं, हे मी आता स्वतः बघून शिकले. जाहिरातीचं उद्दिष्टही निवडावं लागतं. तुम्ही लाइक-कमेंटचं उद्दिष्ट निवडलंत, म्हणून लाइक आले. मेसेजचं निवडलं असतं तर कदाचित चार लोकांनी भाव विचारला असता. हे काम करण्याचेच पैसे तुम्ही घेता. जाहिरातखर्चाच्या पावत्या मागितल्या तर तुमचं उत्तर आलं की त्या "इंटर्नल" आहेत. आमच्या पैशाच्या पावत्या आमच्यापासून लपवायच्या कशासाठी?

पावत्या मला स्वतःला बघता येत नाहीत, कारण जाहिरात खातं तुम्ही तुमच्या नावावर उघडलंत. रीत अशी आहे की खातं दुकानाचं असतं आणि एजन्सीला भागीदार म्हणून प्रवेश दिला जातो. तुम्ही उलटं केलंत. उद्या आम्ही तुम्हाला सोडलं की कुणी जाहिरात बघितली, काय चाललं, काय नाही, हा सगळा इतिहास तुमच्याकडे राहणार.

गुगलचं तर त्याहून वाईट. गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट असतं. ते तुम्ही तुमच्या जीमेलवर उघडलंत आणि मुख्य मालक तुम्हीच झालात. त्यावर आमच्या नंबरऐवजी तुमचा कुठला तरी "लीड" नंबर आहे, तो कुणी उचलत नाही. मालकी मागण्याची विनंती पाठवली की असलेल्या मालकाला उत्तरासाठी 3 दिवस मिळतात. विनंती पाठवली तर तुमच्याकडून मेसेज आला, "खाते हस्तांतरणाचे शुल्क वेगळे आहे." भाडेकरूने घरमालकाकडेच किल्लीचे पैसे मागावेत तसं आहे हे. त्याच प्रोफाइलवर पाच तारे देऊन "फास्ट डिलिव्हरी" म्हणून कौतुक करणारे लोक अचानक उगवले आहेत. आम्ही डिलिव्हरी करत नाही. खोटी परीक्षणं गुगलच्या नियमात बसत नाहीत, ती पकडली गेली तर प्रोफाइल आमचं अडकेल. खऱ्या माणसांनी आपणहून लिहिलेली चार वाक्यं, आईच्या काळातलं पातेलं पुन्हा कल्हई करून नेलं असं लिहिणारी, त्या गर्दीखाली गेली आहेत.

आम्ही तुमच्याकडे आलो ते तुमच्या जाहिरातीत "छोट्या व्यावसायिकांचा हक्काचा साथीदार" असं वाचून. माझा त्यावर विश्वास बसला होता. आमच्यासारख्या दुकानाला आपलं काम लोकांपर्यंत पोचवायची गरज आहे, हे मी आजही म्हणते. आळीत कामाला बसणारे हात कमी होत आहेत, नवीन मुलांना यात पोट भरेल असं दिसलं तरच ती बसतील. पण आमच्या नावाने जे लिहिलं जातं ते आमचं बोलणं असतं, त्याचा जाब लोक आम्हालाच विचारतात. भांडं हातात न घेता, एकदाही दुकानात न येता, तुम्ही आमच्या तोंडी वाट्टेल ते घातलंत. शनिवारवाडा बघायला येणारी माणसं पाच मिनिटं चालून आमच्याकडे येतात. तुमचं ऑफिसही पुण्यातच आहे.

आता काय हवं ते स्पष्ट लिहिते. सरबताची पोस्ट, ताकाचं उत्तर आणि मधुमेहाची जाहिरात हे पत्र मिळाल्यापासून 24 तासांत काढा. कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट ठेवू नये, अशी दुरुस्तीची पोस्ट आमच्या पानावर टाका. मजकूर मी देईन, त्यातला एक शब्दही बदलायचा नाही. त्या बाईंच्या प्रश्नाखाली खरं उत्तर टाका आणि चूक कुणाची ते लिहा. गुगल प्रोफाइलची मुख्य मालकी आणि इन्स्टाग्राम, फेसबुकचा पूर्ण ताबा शुल्क न घेता माझ्या नावावर करा. जाहिरातखर्चाची प्रत्येक पावती आणि जाहिरातींचे सगळे आकडे द्या. खोटी परीक्षणं ज्यांनी टाकली त्यांच्याकडून काढून घ्या. आणि 42,480 रुपये परत करा. उरलेल्या महिन्याचे तेवढे देतो ही तुमची तयारी मला मान्य नाही, कारण झालेल्या महिन्यांत तुम्ही केलंत ते नुकसान.

15 दिवसांत हे झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार नोंदवेन आणि पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागायची सोय 2019 च्या कायद्यात आहे, तेव्हा करारात तुम्ही कुठल्या शहराचं न्यायालय छापलंय ते मला दाखवू नका. दिवाळीनंतर आमच्या आळीतल्या आणि रविवार पेठेतल्या ज्या दुकानदारांना तुमचा माणूस भेटायला जाणार आहे, त्यांना मी हे पत्र आधीच वाचायला देणार आहे.

उत्तर लेखी द्या, माझ्या नावाने द्या. ताकाच्या उत्तराचं काम मात्र 15 दिवसांसाठी ठेवू नका, ते आज करा.

तुमची ग्राहक आणि दुकानाची मालकीण,
तांबट आळी, कसबा पेठ, पुणे

सोबत : कराराची प्रत, पैसे भरल्याची पावती, सरबताच्या पोस्टचा आणि खालच्या उत्तराचा स्क्रीनशॉट, मधुमेहाच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट