खिद्रापूरच्या मामांना

मामा, सा. न. वि. वि.

"नाव कुठं छापू नगा," असं तुम्ही निघताना बजावलंत, म्हणून नुसतं मामाच म्हणते. खिद्रापुरात हे पत्र कुणी वाचलंच, तर मे महिन्याच्या भर दुपारी कोपेश्वराच्या देवळात काळा चष्मा घातलेल्या म्हाताऱ्याला हाताला धरून कोण फिरवत होतं, हे त्यांना बरोबर कळेल.

आमचे अप्पा कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभी हयात लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या यंत्रावर, होते. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तेव्हापासून त्यांना कुठं न्यायचं म्हटलं की "मला काय दिसणाराय, तुम्ही जाऊन या," एवढंच उत्तर. त्या दिवशी आले तेही नृसिंहवाडीच्या नावावर. दत्ताचं दर्शन झालं, बासुंदी झाली, आणि कुरुंदवाडवरून पुढं गाडी घेतली तेव्हा ते गप्पच बसले.

देवळात शिरल्यावर मी काय करत होते, ते तुम्ही पाहिलंच आहे. मोबाईलवरची माहिती त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. बारावं शतक, शिलाहार राजा गंडरादित्य, पुढं देवगिरीच्या यादव सिंघणाचा शिलालेख, पायाशी ९२ हत्ती. अप्पा शाळेत उभं केलेल्या पोरासारखे ऐकत होते. मधेच सवयीनं हात पुढं करून चाचपडायला लागले. नंदी शोधत होते. शंकराच्या देवळात आधी नंदीच्या पाठीला हात लावायचा, हे हाताला पाठ.

तेव्हा खांबाशी बसलेले तुम्ही बोललात, "नंदी हितं न्हाई बाबा. नदीपल्याड, यडूरला हाय." आणि मग मला, "ताई, ते वाचून काय करतासा? त्यांचा हात द्या हिकडं."

दक्षाच्या यज्ञाला सती माहेरी निघाली तेव्हा नंदी तिच्याबरोबर गेला, म्हणून इथं कोपलेला शंकर एकटा; त्याला शांत करायला आलेला विष्णू धोपेश्वर होऊन गाभाऱ्यात शेजारीच राहिला. ही कथा तुम्ही चालता चालता चार वाक्यांत सांगितलीत. अप्पांनी ती निम्मीच ऐकली असावी, कारण तोवर तुम्ही त्यांचा तळवा स्वर्गमंडपातल्या एका खांबावर ठेवला होता.

"नख लावायचं न्हाई, मूर्तीच्या तोंडाला हात न्हाई. तळव्यानं बघा."

आणि अप्पा बघायला लागले. खाली चौकोनी, वर आठ कोन. कोन त्यांनी बोटानं मोजले, खांबाला वळसा घालून दोनदा. त्याच्या वर खांब गोल होतो आणि त्याला कडी पडाव्यात तशा खाचा आहेत. तिथं त्यांचा हात थांबला. अंगठ्याचं नख लावणार, एवढ्यात तुम्ही मनगट धरलंत. मग अंगठ्याचं पेर त्या खाचेतून त्यांनी सावकाश फिरवलं, आणि कारखान्यातल्या आवाजात म्हणाले, "हे छिन्नीचं काम न्हाई. हे फिरवलंय."

मामा, हा आवाज आमच्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी ऐकला नव्हता.

त्या काळातले दगडी खांब चरकावर फिरवून घेत असत, असं अभ्यासकही म्हणतात. पण ते मला नंतर घरी कळलं. अप्पांना ते बोटांनी कळलं. पुढं तुमच्या दोघांचं जे जुंपलं! तुमचं म्हणणं, दगड उभा ठेवून फिरवला असणार. अप्पांचं म्हणणं, उभा की आडवा ते मागनं, एवढ्या वजनाचा सेंटर काढला कसा ते आधी सांगा. केसभर इकडंतिकडं झालं असतं तर ही खाच एका बाजूला खोल लागली असती, आणि ती लागत नाही. तुम्ही "व्हय की!" म्हणून स्वतः हात फिरवून बघितलंत. इतकी वर्षं त्या देवळात बसून तुम्हाला ते माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण आंधळ्या माणसाशी त्याचं मन राखायला बोलणारे आम्ही खूप बघितलेत, आणि तुम्ही तसं बोलत नव्हता. खरंच भांडत होता.

बाहेरच्या गजपट्टाशी तुम्ही त्यांना फार वेळ थांबवलं नाहीत. फोडलेल्या सोंडेवर त्यांचा हात गेला आणि तुम्ही नुसतं "तोडल्यात" म्हणालात. ऊनही मरणाचं होतं, फरशीनं पाय भाजत होते. मी गाडीकडं निघायच्या बेतात होते. तुम्ही घड्याळ बघून म्हणालात, "वाईच थांबा. साडेबाराला आत या."

स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे आणि त्याच्या बरोबर खाली तशीच गोल रंगशिळा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र तिथं बरोबर डोक्यावर येतो म्हणून गर्दी लोटते. मे महिन्यात सूर्यही दुपारी तसाच डोक्यावर येतो, पण त्या उन्हात कोण यायला बसलंय? तुम्ही अप्पांना अनवाणी शिळेवर नेलंत आणि हात सोडलात. चटका बसला तसे ते एक पाऊल मागं आले. मागं सावलीतला दगड गार. परत पुढं टाकलं, तापलेला. मग त्यांच्या लक्षात आलं. एक पाय उन्हात, एक सावलीत असं करत त्यांनी त्या उजेडाच्या कडेकडेनं अख्खा फेरा मारला. मंडपात फोटो काढणारी पोरंसुद्धा बाजूला सरून उभी राहिली. फेरा पुरा झाल्यावर म्हणाले, "मापात हाय."

भोवतीच्या बारा खांबांवर कोरलेला कार्तिकेय, आपापल्या वाहनांवरचे दिक्पाल, हे मी मग त्यांना सांगितलं. या खेपेला तेच विचारत होते.

मी पैसे पुढं केले तेव्हा तुम्ही रागावलात. कवठाची बर्फी दिली तर "शुगर हाय" म्हणत अर्धीच घेतलीत. म्हणून हे पत्र. प्राचीन वास्तू बघायला पुस्तकं आहेत, पाट्या आहेत, मार्गदर्शक आहेत, पण डोळे नसलेल्या माणसाला दगड कुठून दाखवायला सुरुवात करावी, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही ते कुठं शिकलात, विचारलं तर म्हणालात, "शिकायचं काय त्यात?" तरीही मामा, मनापासून आभार. अप्पांचे हात तुम्ही आम्हाला परत कामाला लावून दिलेत. आता ते घराच्या लाकडी चौकटीपासून शेजारच्यांच्या तुळशीवृंदावनापर्यंत सगळं तपासत असतात आणि बहुतेक सगळ्यात खोट काढतात.

त्यांचा निरोप जसाच्या तसा देते: "उभा फिरवला असंल तर खालच्या टोकाला बूड टेकल्याची खूण पाहिजे. पावसाळा, नदीचं पाणी उतरलं की येतो. तवर तुम्ही बघून ठेवा."

आपली,
अप्पांची थोरली