कोकणातील साहित्यिकांवर लिहिताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेले काही महिने कोकणातील दिवंगत साहित्यिकांवरील लेखमाला प्रसिद्ध होत आहे. बहुतेक पुरवण्यांतून साहित्याची पाने आक्रसत चालली असताना आपण अर्धे पान लेखकांसाठी राखून ठेवता, याबद्दल आपले आभारच मानायला हवेत. या लेखांची भाषा प्रसन्न आहे आणि लिहिणाऱ्यांचा जिव्हाळाही खरा आहे. माझी हरकत आहे ती त्यांच्या रीतीला. लेखकाचे गाव, घर, गरिबी आणि त्याच्याविषयी सांगितले जाणारे चार किस्से एवढे सांगून झाले की त्याच्या साहित्याचा उलगडा झाला, असे गृहीत धरून हे लेख चालतात. साहित्यिकांवरील लेखन हाही अभ्यासाचा प्रांत आहे आणि तिथे पुरावा लागतो, ही जाणीव त्यांत फारशी आढळत नाही.

चिं. त्र्यं. खानोलकरांवरील लेखाचेच उदाहरण घेतो. बागलांची राई, तेंडोली, कुडाळची खाणावळ, गल्ल्यावर बसून कविता लिहिणारा तरुण, देवचाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या भुताच्या, गोष्टी आणि काळोखी पाऊस एवढ्या सामग्रीवर तो लेख उभा आहे. आणि ‘रात्र काळी, घागर काळी’ किंवा ‘कोंडुरा’ या कादंबऱ्यांतील अद्भुताचे मूळ ‘कोकणच्या गूढ भूमीत’ आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. ही भूमी गूढ आहे याला आधार कोणता, म्हणून पाहावे तर पुढच्याच परिच्छेदात ‘कोंडुरा’तील वर्णन दिलेले. म्हणजे कादंबरीवरून गाव कसे आहे ते ठरवायचे आणि मग त्या गावावरून पुन्हा कादंबरी समजावून सांगायची. या वर्तुळात वाचक कितीही फिरला, तरी खानोलकरांच्या जवळ तो पोहोचत नाही.

त्यातही त्याच टापूतील दुसरी दोन माणसे डोळ्यांसमोर आणली, तर या उपपत्तीतला पोकळपणा लगेच ध्यानात येतो. मंगेश पाडगावकरांचा जन्म १९२९ सालचा, वेंगुर्ल्यातला. खानोलकरांचा १९३० सालचा. आणि ‘सारे प्रवासी घडीचे’ लिहिणारे आरवलीचे जयवंत दळवी १९२५ साली जन्मलेले. पाऊस तोच, दशावतार तोच, देवचारही बहुधा तेच. तरीही पाडगावकरांच्या कवितेत, दळवींच्या खट्याळ गावगप्पांत आणि ‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिहिणाऱ्या खानोलकरांच्या ‘जोगवा’ या संग्रहात एकमेकांशी जुळणारे फार थोडे आहे. माती जर तिघांना सामाईक असेल, तर तिघांमधला फरक मातीने कसा सांगता येईल? अभ्यासकाचे काम त्या फरकापाशी सुरू होते, आणि नेमके तिथेच आपले लेख संपतात.

साधा कालानुक्रम मांडला असता, तरी बरेच हाती लागले असते. ‘जोगवा’ १९५९ साली आला. ‘रात्र काळी, घागर काळी’ १९६२ साली, ‘कोंडुरा’ १९६६ साली आणि ‘चानी’ १९७० साली. या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या तेव्हा खानोलकर मुंबईकर झालेले होते. कोकण सोडल्यावर कोकण गद्यात उतरू लागते, हा योगायोग म्हणायचा की त्यात काही अर्थ आहे? मागणी करून लिहवून घेणारे संपादक, ‘सत्यकथा’ मासिकाचे वर्तुळ, नोकरीची अस्थिरता, नाटकवाल्यांची संगत यांचा या लेखनाशी काय संबंध होता? खानोलकर १९७६ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांची जन्मशताब्दी २०३० मध्ये येते आहे. तोवर हे प्रश्न तरी नीट विचारले जावेत.

हीच गोष्ट श्री. ना. पेंडशांची. मुर्डीत जन्मलेल्या या कादंबरीकाराचा उमेदीचा काळ मुंबईत, ‘बेस्ट’च्या नोकरीत गेला, आणि ‘एल्गार’पासून ‘तुंबाडचे खोत’पर्यंतचे त्यांचे कोकण हे दुरून, आठवणीतून आणि पुन्हा पुन्हा केलेल्या फेऱ्यांतून घडवलेले कोकण आहे. आपल्या लेखात मात्र ‘गारंबीच्या बापू’ची गारंबी पाहायला वाचकाला थेट मुरूड-जंजिऱ्याला पाठवले आहे, कारण तिथे त्या नावाचे ठिकाण खरोखरच आहे आणि पावसाळ्यात तिथल्या धबधब्यावर गर्दीही होते. बापूचा मुलूख दापोली तालुक्यातला, आसूद-मुरूडच्या बाजूचा. रायगडातले मुरूड निराळे आणि दापोलीचे मुरूड निराळे, हे कोकणातल्या वृत्तपत्राने तरी विसरू नये. चूक किरकोळ आहे, पण ती कशी झाली ते बोलके आहे: कादंबरी उघडून पाहण्याऐवजी नकाशात नाव शोधले गेले.

केशवसुतांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. आपण त्यांची जन्मतारीख ७ ऑक्टोबर १८६६ अशी छापली. १५ मार्च १८६६ हीही तारीख मान्यवर संदर्भग्रंथांत दिलेली आहे. यांपैकी कोणतीही छापावी, पण दुसरीचा उल्लेख एका ओळीत करावा. नाहीतर शाळेतले मूल एक तारीख पाठ करते, स्पर्धा परीक्षेचे पुस्तक दुसरी देते आणि दोघांनाही आपलीच खरी वाटते. जन्म मालगुंडचा, म्हणून सारे केशवसुत मालगुंडचे, हेही असेच. मालगुंडला १९९४ पासून त्यांचे स्मारक आहे आणि ते असणे योग्यच आहे. परंतु बडोदे, नागपूर, पुणे येथे शिक्षण, मुंबईत ओढगस्तीची नोकरी, मग खानदेशात फैजपूर, पुढे धारवाड आणि १९०५ साली हुबळीत प्लेगने मृत्यू, असे हे आयुष्य आहे. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला उद्देशून त्यांनी लिहिलेली कविता घरापासून लांब असलेल्या माणसाची आहे, हे कळले तरच ती कळते. त्यांच्या अनेक कवितांखाली स्थळ आणि तारीख नोंदलेली आहे. इतकी सोय फार थोड्या मराठी कवींनी करून ठेवली असेल. तरीही त्यांच्यावर लिहिणारे ‘तुतारी’च्या चार ओळी उद्धृत करून मोकळे होतात. त्यातच हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही; तो मृत्यूनंतर हरिभाऊ आपट्यांनी प्रसिद्ध केला. त्यामुळे आपण वाचतो तो शब्द कवीचा की दुसऱ्या कोणाच्या हातचा, हा प्रश्नही तपासावा लागतो. हस्तलिखित पुस्तकरूपाने उपलब्ध आहे, तेव्हा सबबही उरत नाही.

पालगडच्या साने गुरुजींवरील लेखाबद्दल थोडेच लिहितो. ‘श्यामची आई’ ही १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, म्हणजे आई जाऊन पंधरा-सोळा वर्षे झाल्यावर लिहिलेली कलाकृती आहे. श्यामच्या तोंडचे प्रसंग ‘गुरुजींच्या बालपणी असे घडले’ म्हणून जसेच्या तसे चरित्रात घालता येत नाहीत.

एकट्या आपल्या लेखकांनाच दोष देणे बरोबर होणार नाही, कारण त्यांनी ज्या प्रबंधांचा आधार घेतला आहे त्यांचीच कथा तशी आहे. पहिले प्रकरण ‘जीवनपट’, पुढे कथा, कादंबरी, कविता, नाटक अशी वाङ्मयप्रकारवार प्रकरणे आणि शेवटी समारोप, हा साचा आमच्या पिढीतील मार्गदर्शकांनीच रूढ केला. पहिल्या प्रकरणाचा पुढच्या प्रकरणांशी संबंध असलाच पाहिजे, असे कोणी विचारले नाही. जीवनपट आधीच्या प्रबंधातून उचलायचा, त्यातल्या चुकांसकट.

वास्तविक याच किनाऱ्याने कसून काम करणारे अभ्यासकही दिले आहेत. प्रियोळचे अ. का. प्रियोळकर यांनी रघुनाथ पंडितांच्या ‘दमयंती-स्वयंवरा’ची आवृत्ती सिद्ध करताना पाठ ताडून पाहिले आणि व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे चरित्र लिहिताना जुन्या कागदपत्रांचा माग काढला. जया दडकरांचे ‘चिं. त्र्यं. खानोलकरांच्या शोधात’ आपल्या लेखकाने चाळले असते, तरी खाणावळीच्या किश्श्यांपलीकडे जाता आले असते. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्यास शिक्षक होते. त्या गावाचे आणि त्या लेखकाचे नाते ‘एक लेखक आणि एक खेडे’ या पुस्तकात दडकरांनीच तपासले आहे. तेही गावाविषयीच लिहीत होते, पण त्यांनी गावाला उत्तर न मानता प्रश्न मानले.

असे काम करायला कागद लागतात, आणि आपल्याकडे कागद टिकत नाहीत. आषाढ-श्रावणात बांधीव अंकांची पाने सादळून एकमेकांना चिकटतात, त्यांवर बुरशी धरते, आणि कसर नेमकी मलपृष्ठापासून, म्हणजे जिथे मुद्रकाचे नाव व वर्ष असते तिथून खायला सुरुवात करते. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचे. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ साली पाणी शिरले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा शिरले. तिथल्या मंडळींनी दोन्ही वेळा ग्रंथ वाळवून, निवडून संस्था उभी केली, पण गेलेले अंक गेलेच. खासगी घरांतले नुकसान तर मोजताही येत नाही. वाटण्या होतात, मुंबईची मुले घर विकायला येतात आणि माळ्यावरच्या ट्रंकेतली पत्रे भांड्यांबरोबर भंगारात जातात.

म्हणून एक सूचना करतो. लेखमालेच्या प्रत्येक लेखाखाली चौकटीत वाचकांना आवाहन करावे, की संबंधित लेखकाची पत्रे, हस्तलिखिते किंवा जुने अंक कोणाकडे असल्यास त्यांनी जवळच्या ग्रंथालयाला कळवावे. मूळ कागद घरातच राहू द्यावा. मोबाइलवर दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेतली तरी अभ्यासकाचे पुष्कळसे काम भागते. पत्राचे छायाचित्र घेताना पाकीट मात्र वगळू नये. लेखकमंडळी पत्रावर तारीख घालायला सर्रास विसरतात, आणि मग ती पोस्टाच्या शिक्क्यावरूनच काढावी लागते.

आपला,
एक निवृत्त मराठी अध्यापक,
रत्नागिरी