वेलन जेनिंग्जची यादी १९७६ पासून सुरू होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कंट्री या ग्रामीण बाजाच्या संगीताचा गायक वेलन जेनिंग्ज याच्यावर आलेला लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात त्याचं नाव छापून आलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, म्हणून लेख कापून ठेवला आहे. पण लेखाचं शीर्षक, ‘दरोडेखोर गायक’, आणि शेवटी दिलेली आल्बमची चौकट या दोन गोष्टी मनाला लागल्या. त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी शब्दाचं. त्याच्या संगीताला ‘आउटलॉ कंट्री’ म्हणतात, पण त्यातला आउटलॉ म्हणजे दरोडेखोर नव्हे. वेलनने कुणाला लुटलं नाही. त्याने मोडले ते कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या रेकॉर्ड कंपन्यांचे नियम. गाणी कोणती घ्यायची हे निर्माता ठरवणार. रेकॉर्डिंग कंपनीच्याच स्टुडिओत होणार. वाजवणारेही त्यांचे ठरलेले, आणि ज्या साथीदारांबरोबर गायक वर्षभर बसमधून गावोगाव फिरतो ते बाहेर उभे. यात कुणी खलनायक होता असं मी म्हणत नाही. वेलनला १९६५ साली आरसीए या रेकॉर्ड कंपनीत आणणारे चेट अ‍ॅटकिन्स स्वतः थोर गिटारवादक होते. पण त्या घडीत बसवलेला वेलन हा अर्धाच वेलन होता. ‘बंडखोर’ म्हणा, ‘आडदांड’ म्हणा, चालेल. त्याच्या १९७३ च्या एका आल्बमच्या नावातच ‘ऑनरी’ हा शब्द आहे. ‘ऑर्डिनरी’चा गावठी उच्चार, आणि अर्थ आपल्या ‘हेकट’च्या जवळचा. हेकट हाच शब्द त्याला सगळ्यात शोभतो.

आता चौकटीकडे वळतो. तिच्यातली यादी १९७६ च्या ‘वॉन्टेड! द आउटलॉज’पासून सुरू होते. हा आल्बम फार खपला, दहा लाखांचा प्लॅटिनम शिक्का मिळालेला पहिला कंट्री आल्बम तोच. पण तो नवा नव्हता हो! वेलन, विली नेल्सन, वेलनची पत्नी जेसी कोल्टर आणि टॉमपॉल ग्लेझर यांची बरीचशी आधीच निघालेली गाणी कंपनीच्या जेरी ब्रॅडली यांनी एकत्र केली आणि फरारी गुन्हेगाराच्या जाहिरातीसारखं कव्हर त्यावर चढवलं. म्हणजे भांडण संपल्यावर काढलेली ती मिरवणूक. यादी तिथून सुरू केली तर भांडण झालं कशावरून तेच वाचकाला कळणार नाही.

मी व्यापारी जहाजांवर इंजिनीअर होतो. १९७८ साली आमचं जहाज ह्यूस्टनला गहू भरायला लागलं होतं. पाऊस आला की गव्हाची भरणी थांबते, हॅच बंद करावे लागतात. तो पाऊस तीन दिवस लागून राहिला. माझा बारा ते चारचा वॉच, मधला वेळ मोकळा. गावात रेकॉर्डच्या दुकानात शिरलो आणि तपकिरी छटेचं एक कव्हर हातात आलं. त्यावर हसणाऱ्या माणसांचा घोळका. शिमग्यात पालखी नाचवून आलेली आमच्या वाडीतली माणसं अंगणात टेकतात ना, अगदी तशी. गायक कोण, गातो काय, काही ठाऊक नव्हतं. त्या हसण्यावर पैसे टाकले. तो १९७३ चा ‘हाँकी टाँक हीरोज’.

जहाजावर परत येऊन थर्ड मेटच्या प्लेअरवर तो लावला. खालून बेस गिटारचा ठोका सुरू झाला आणि मी चमकलो. आमच्या मुख्य इंजिनाची चाल तीच! संथ, जड, न चुकणारी. त्यावर तो जाड आवाज घाई न करता येतो. मला तेव्हा त्या बोलीतले निम्मे शब्द कळले नाहीत. ठोका कळला.

कव्हरच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय तिथूनच लागली. या आल्बमवर दहा गाणी आहेत आणि त्यातली नऊ बिली जो शेव्हर या तेव्हा कुणाला माहीत नसलेल्या माणसाने लिहिलेली, काही एकट्याने तर काही जोडीने. लाकडाच्या गिरणीत त्याच्या उजव्या हाताची बोटं तुटली होती. वेलनने त्याची गाणी घेतो असं कबूल केलं आणि मग महिनोन्‌महिने भेट टाळली. शेवटी शेव्हरने त्याला स्टुडिओत गाठून सगळ्यांसमोर मारामारीची धमकी दिली, तेव्हा कुठे वेलन ऐकायला बसला. आपल्या लेखात दांडगाईचे इतके किस्से आहेत, पण ज्या दांडगाईतून एक आल्बम जन्मला तो किस्साच नाही, आणि शेव्हरचं नावही नाही.

हा आल्बम त्याला करता आला कारण १९७२ साली तो काविळीने आडवा पडलेला असताना नवा व्यवस्थापक आला, नील रेशेन. त्याने आरसीएशी नव्याने करार केला आणि गाणी, वादक, निर्मिती यांचा हक्क वेलनकडे आला. त्यानंतर, १९७४ साली, ‘धिस टाइम’ हा आल्बम कंपनीचा स्टुडिओ सोडून ग्लेझरच्या स्टुडिओत झाला. लोक त्याची काळी टोपी आणि कातडं चढवलेली टेलिकास्टर गिटार पाहतात. माझ्या लेखी स्टुडिओचा पत्ता बदलणं हे त्याचं सगळ्यात मोठं बंड. आणि मग १९७५ चा ‘ड्रीमिंग माय ड्रीम्स’. त्यातलं पहिलंच गाणं नॅशव्हिलच्या झगमगाटावर बोट ठेवतं, पण बाकीचा आल्बम इतका हळुवार आहे की रात्री घर निजल्यावरच तो लावावा. राल्फ मूनी यांची पेडल स्टील गिटार एकदा कान देऊन ऐका. असा दंगेखोर कुठे असतो?

आधीचे आल्बमही टाकाऊ नाहीत. १९६४ मध्ये अ‍ॅरिझोनात ज्या क्लबात तो गायचा त्याच्याच नावाने आल्बम निघाला, १९६६ ला आरसीएचा पहिला ‘फोक-कंट्री’ आणि १९६७ ला गीतकार हार्लन हॉवर्ड यांच्याच गाण्यांचा एक. त्यांत तो जखडलेला आहे, पण आवाज तोच. त्याहीमागे जायचं तर १९५८ साली त्याची पहिली रेकॉर्ड रॉक अँड रोल गायक बडी हॉलीने करून घेतली. ३ फेब्रुवारी १९५९ ला जे विमान कोसळून हॉली गेला, त्यातली आपली जागा वेलनने आजारी सहकाऱ्याला दिली होती. निघताना हॉली आणि वेलन यांच्यात चेष्टेत दोन शब्द झाले, ते त्याला जन्मभर टोचत राहिले. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. या माणसाच्या नशेच्या गोळ्यांचा हिशेब मांडताना ही ओळ गाळू नये, एवढंच माझं म्हणणं.

व्यसन मी झाकत नाही. कोकेन, १९७७ ची अटक, सगळं खरं आहे. पण १९८४ ला त्याने ते सोडलं, शाळा अर्धवट सोडलेल्या या माणसाने पन्नाशी उलटल्यावर मुलासमोर उदाहरण असावं म्हणून शालान्त दर्जाची परीक्षा दिली, १९९३ मध्ये लहान मुलांसाठी आल्बम केला, तेही खरं आहे. आपल्या चौकटीत हा मुलांचा आल्बम नाही. २००० साली रायमन सभागृहातल्या कार्यक्रमात तो खुर्चीवर बसून गायला, त्याचाही आल्बम आहे, तोही नाही. मधुमेहाने २००१ च्या डिसेंबरात त्याचं पाऊल कापावं लागलं आणि १३ फेब्रुवारी २००२ ला तो गेला, वय ६४. मी स्वतः २२ वर्षं मधुमेही आहे. तो खुर्चीतला आवाज मला तरुणपणीच्या आवाजाइतकाच प्रिय आहे.

हे सगळं इतक्या पोटतिडकीने लिहायचं कारण सांगतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत चढलं. वेलनच्या १९ एलपी खालच्या कप्प्यात होत्या. पाणी ओसरल्यावर काढल्या तेव्हा कव्हरांचा लगदा झाला होता, शिमग्याचा घोळकाही त्यात गेला. रेकॉर्ड मात्र वाचल्या. सौ.ने परातीत पाणी घेतलं, मी मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने एकेक पुसली आणि भांड्यांच्या जाळीत उभ्या करून वाळवल्या. आजही वाजतात, चिखलाची थोडी करकर येते.

गेली ती बारीक अक्षरं. कुणी लिहिलं, कुणी वाजवलं, कुठे रेकॉर्ड झालं. मोबाइलवर त्याची गाणी मिळतात, पण मी वापरतो त्या अ‍ॅपवर आल्बमचा क्रम मोडलेला असतो आणि ड्रम वाजवणाऱ्या रिची अ‍ॅलब्राइटचं नाव शोधूनही सापडत नाही. मग मी खाकी कागदाच्या पिशव्या शिवल्या आणि आठवेल तेवढं त्यांवर लिहिलं. ह्यूस्टनला राहणाऱ्या पुतणीने जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत जाऊन मागच्या बाजूंचे फोटो पाठवले, त्यावरून चुका दुरुस्त केल्या. हाताने उतरवलेली ती सगळी यादी सालवार, गीतकारांच्या नावांसह, या पत्रासोबत जोडली आहे. जागा असेल तर चौकट पुन्हा छापावी आणि शेव्हरचं नाव त्यात यावं.

आणखी एक विनंती. ‘धिस टाइम’च्या मागच्या बाजूचा फोटो तेवढा पुतणीला मिळाला नाही. माझ्याकडची पिशवी त्या बाजूने अजून कोरी आहे. आपल्या वाचकांपैकी कुणाकडे ती एलपी असेल, तर आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर फोटो पाठवावा, मी येऊन घेऊन जाईन.

– एक निवृत्त सागरी अभियंता, चिपळूण