इटलीच्या सहलीत ब्रिंदिसी का नाही?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर मराठी वृत्तपत्रांत इटलीच्या सहलींच्या जाहिराती येऊ लागतात. रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस हा त्यांचा ठरलेला मार्ग असतो. ज्या इटालियन बंदराचा मुंबईशी चाळीसहून अधिक वर्षे नित्याचा संबंध होता, ते ब्रिंदिसी मात्र त्यांत कुठेच दिसत नाही, याची खंत वाटते म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि पुढच्याच वर्षापासून विलायतेची टपाल ब्रिंदिसीमार्गे हिंदुस्थानात येऊ लागली. जिब्राल्टरला वळसा घालून येण्यात जाणारे दिवस वाचावेत, म्हणून लंडनहून निघालेल्या थैल्या इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधून आगगाडीने थेट बुटाच्या आकाराच्या इटलीच्या टाचेपर्यंत, म्हणजे ब्रिंदिसीपर्यंत, आणल्या जात आणि तिथे बोटीवर चढवल्या जात. १८९० पासून तर पी. अँड ओ. या ब्रिटिश बोट कंपनीच्या प्रवाशांसाठी फ्रान्समधल्या कॅले बंदरापासून ब्रिंदिसीपर्यंत अशी खास गाडी धावू लागली. मुंबईतल्या पेढ्या, कचेऱ्या आणि छापखाने ज्या ‘मेल’कडे डोळे लावून बसत, ती पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत या बंदरातून येत असे. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतताना महात्मा गांधी डिसेंबर १९३१ मध्ये ‘पिल्स्ना’ बोटीवर चढले तेही इथेच. २८ डिसेंबरला ते मुंबईत उतरले आणि आठवडाभरातच त्यांना अटक झाली. एवढा धागा असलेल्या गावाला आपल्याकडच्या एका सहल व्यावसायिकाने ‘तिथे पाहण्यासारखे काही नाही’ म्हणून आमच्या यादीतून वगळायला सांगितले, तेव्हा वाईट वाटले. आम्ही पती-पत्नी तरीही गेलो.

बंदराच्या काठावरून रुंद दगडी पायऱ्या चढून गेले की साधारण १९ मीटर उंचीचा रोमन संगमरवरी स्तंभ समोर येतो. शेजारच्या जोडस्तंभाचा उरला आहे तो केवळ तळ. हा जोडस्तंभ १५२८ मध्ये कोसळला आणि त्याचे दगड पुढे लेच्चे शहरात नेऊन तिथल्या संताच्या पुतळ्याखाली उभारले गेले. उभ्या स्तंभाचे मूळ शीर्ष जतनासाठी ग्रानाफेई-नेरवेन्या वाड्यात ठेवले आहे. एरवी मान वर करूनही नीट न दिसणाऱ्या त्यावरच्या देवतांच्या आकृती तिथे अगदी जवळून न्याहाळता येतात. इ.स.पू. ३१२ मध्ये रोमहून सुरू झालेल्या आप्पिया मार्ग या प्राचीन रोमन हमरस्त्याचा शेवट हे स्तंभ दाखवतात, असे परंपरेने मानले जाते. रोमन कवी व्हर्जिलने इ.स.पू. १९ मध्ये याच गावी देह ठेवला. त्या आप्पिया मार्गाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले ते जुलै २०२४ मध्ये, आपल्या नवी दिल्लीत भरलेल्या अधिवेशनात. आपल्याकडे त्याची चर्चा आणखी व्हायला हवी होती.

जाणे अवघड नाही. मुंबईहून थेट विमान नसले, तरी रोम किंवा मिलानला विमान बदलून जाता येते. रोमहून पुढचा हवाई प्रवास सव्वा तासाच्या आसपासचा आहे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत, म्हणजे पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढची सोय कंपनीला करावी लागते. रोमहून रेल्वेने पाच तासांहून अधिक लागतात. विमानतळ गावाला इतका लगटून आहे की सांता मारिया देल कासाले हे जुन्या भित्तिचित्रांचे चर्च आधी पाहून मगच गावात शिरावे. मात्र दुपारी तिथली बरीच चर्च आणि दुकाने बंद असतात, आणि ऑगस्टमध्ये ऊन व गर्दी दोन्ही सोसवत नाहीत, त्यामुळे एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे.

दक्षिण इटलीसाठी दोन दिवस काढून, त्यांतला एक ब्रिंदिसीला आणि दुसरा रेल्वेने अर्ध्या तासावर असलेल्या लेच्चेला द्यावा, अशी सहल कंपन्यांना विनंती आहे. आपणही पर्यटन पुरवणीत या टपालमार्गावर एक सविस्तर लेख नकाशासह छापावा.

आपला,
एक वाचक, ठाणे